न्हाणीघरातलं सागवानी स्टूल

२ मार्च
सासूबाई काल न्हाणीत घसरता घसरता वाचल्या. देवाचीच कृपा. फिनाइल मी जरा जास्त ओतलं होतं, पण बाटलीचं तोंडच तसं आहे. उभ्याने आंघोळ त्यांना आता झेपत नाही. नणंद फोनवर म्हणाली, वहिनी, आईला माझ्याकडे पाठव, आमच्याकडे प्लास्टिकची खुर्ची आहे. प्लास्टिकची! सेवा अशी करतात? सासूबाई तिकडे गेल्या तर लोक म्हणणार, सुनेने घालवलं. मी जाऊ देणार नाही. स्टूल करणार, लाकडी, स्वतःच्या हाताने, आणि माझ्या मागेही टिकेल असं.

४ मार्च
वखारीत गेले. वखारवाला म्हणतो, ताई, पाइन घ्या, हलकं पडेल. पाण्यात किती टिकेल, विचारलं. म्हणाला, तुम्ही न्हाणीत मुक्कामाला राहणार का? आगाऊ. प्लायवूड फुगतं, आंब्याला कीड लागते. सागाचा भाव ऐकून मनात नामस्मरण सुरू केलं. तेवढ्यात मोडीत एका जुन्या दाराची चौकट दिसली. अस्सल साग, ऊनपाऊस खाऊन मुरलेला. याला देव पावणं म्हणतात.

८ मार्च
करवत चालवली. हे म्हणाले, सुताराला बोलव. मी म्हटलं, मॅट्रिकला माझी भूमिती चांगली होती. तीन पाय अगदी सारखे झाले. चौथ्याखाली रबर लावलं. चूक चौकटीची.

११ मार्च, दुपार
तेलाचा पहिला हात. सासूबाई दर तासाला विचारतात, झालं का गं? वाळू द्या की. तोवर त्या भिंत धरून आंघोळ करतात. सवय असलेली बरी.

१५ मार्च
स्टूल न्हाणीत मांडलं. सासूबाई बसल्या, म्हणाल्या, सिंहासनच केलंस. डोळे भरून आले माझे. आणि मग त्यांनी तांब्या उचलून थेट डोक्यावर ओतला! सगळं पाणी लाकडावर. मी दारातूनच ओरडले. नवीन नियम: पाय बादलीत, पाठ ओल्या पंच्याने, लाकडावर थेंब नको. त्या म्हणाल्या, अगं, ही आंघोळ की फर्निचर पुसणं? या वयात थट्टा सुचते.

१८ मार्च
सांध्याजवळ काळपट दिसलं. स्टूल न्हाणीच्या बाहेर काढलं. आंघोळ आत उभ्याने उरकायची, मग बाहेर येऊन आरामात बसून अंग पुसायचं. हे म्हणाले, मग ते केलंस कशाला? पुरुषांना टिकाऊपणातलं काही कळत नाही. संकल्प: कोणाचं ऐकून चिडायचं नाही. तेलाचा आणखी एक हात दिला.

२१ मार्च
पडल्या. मनगट मोडलं. स्टूल दाराबाहेर हाताच्या अंतरावर होतं, जरा वाकल्या असत्या तर धरता आलं असतं. नणंद आली, त्यांची बॅग भरली. निघताना सासूबाईंनी स्टुलावरून दुसरा, धड हात फिरवला, म्हणाल्या, जप हो त्याला. शेवटी कदर त्यांनाच.

२६ मार्च
हे आईजवळ राहायला गेले. फोनवर सांगत होते, आई खुर्चीवर बसून निवांत आंघोळ करते, गाणी म्हणते. इथे कधी म्हटली नाहीत. त्यांच्यासाठी रोज एक माळ जास्त ओढते. कधी येणार, विचारलं. म्हणाले, बघू.

३० मार्च
सकाळपासून कंबर धरली आहे. उभं राहवेना. स्टूल आत घेतलं, बसले आणि तांब्यावर तांब्या डोक्यावरून ओतला. पाणी लाकडावरून घरंगळून मोरीत गेलं. पंच्याने पुसून पाहिलं, डाग नाही. पाठीला साबण पोहोचेना. आई, जरा येता का, म्हणून हाक मारली. मग तशीच बसून राहिले, अंगावर साबण वाळेपर्यंत. लाकडाला काही होत नव्हतं.