तिसऱ्या दालनातली सायकल

प्रिय दादा,

लिहायचं लिहायचं म्हणत इतके दिवस घालवले की आता सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. एक कागद आणला, त्यावर चेनचं तेल सांडलं. दुसरा आणला, त्याच्या पाठीवर मी कुणाच्यातरी सीटचं माप टिपून ठेवलं आणि तो सीटबरोबरच गेला. खरं तर कागदाचा दोष नाही. तुला लिहायचं म्हटलं की माझे हात शिवशिवतात, आणि तसल्या हातांनी अक्षर धड येत नाही. तसंही माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. बाईंनी त्यापायीच मला शेवटच्या बाकावर बसवलं, तिथून खिडकी जवळ पडायची, आणि मग मी ही अशी झाले. असो.

घर सोडल्यावर मी आधी एका पेट्रोल पंपावर होते, मग लॉन्ड्रीची गाडी चालवली, मग काही दिवस एका बाईंकडे त्यांच्या सात मांजरांना सांभाळायला होते. त्यातली एक मांजर माझ्याच बुटात झोपायची, पण ते पुन्हा कधीतरी. आता मी एका जुन्या बस दुरुस्तीच्या शेडमध्ये काम करते. इथे दरवर्षी जुन्या सायकलींचं प्रदर्शन भरतं. मुख्य माणूस म्हणजे टेलरकाका. जन्मभर कोट शिवले, अजून गळ्यात टेप असते. गुडघे गेल्यामुळे त्यांना खाली वाकता येत नाही, म्हणून बॅटरी घेऊन सायकलीखाली शिरायला त्यांना कुणीतरी हवं होतं. मी दारात वडाचं पान चघळत उभ्या असलेल्या शेळीसारखी दिसले म्हणे, घेतलं आत. त्यांचं एकच सांगणं असतं, बाई, इस्त्री बघू नकोस, उलटं करून शिवण बघ. तर मी दिवसभर शिवणी बघते आणि कुठली सायकल कुठल्या दालनात जाणार ते ठरवते. तुला हे माहीत नव्हतं, हे मला माहीत आहे. माहीत असतं तर तू तुझी सायकल इथे पाठवलीच नसतीस. ती पोचली. पेटी मीच उघडली.

इथे तीन दालनं आहेत. पहिलं क्रूझरचं. डोहाळजेवण झाल्यासारखे फुगलेले टायर, वळणदार फ्रेम, रुंद सीट, आणि मोटारसायकलची नक्कल म्हणून दांड्यांच्या मध्ये पत्र्याची पोकळ टाकी. एकच गियर, ब्रेक म्हणजे पायडल उलटं दाबायचं. ही सायकल कुठे पोचायला केलेलीच नाही, रस्त्याच्या कडेनं मिरवायला केलेली. काका तिला लग्नातला सूट म्हणतात. इथे किंमत असते ती हात न लागलेल्या सायकलीला. रंग मूळचा, टाकी मूळची, गंज सुद्धा मूळचा असला तर लोक कौतुकानं वास घेतात.

दुसरं दालन बीएमएक्सचं, म्हणजे माझं माहेरच. लहान चाकं, आखूड फ्रेम, हँडलच्या आडव्या दांडीवर फोमची गुंडाळी, पुढे नंबराची पाटी. मातीत मोटारसायकली उडवणाऱ्यांना बघून पोरांनी आपल्या सायकली उडवायला सुरुवात केली, त्यातून ही जात निघाली. त्यामुळे इथे पुढच्या चाकाचा वाकलेला चिमटा हा दोष धरत नाहीत, त्याला इतिहास म्हणतात. परवा एक पिवळी आली, अगदी माझ्या लहानपणीच्या सायकलीसारखी. मी तिच्यावर बसून शेडभर दोन चकरा मारल्या आणि काकांच्या शिव्या खाल्ल्या. तुला आठवतं, माझ्या पिवळीचं सीट तू काढून ठेवायचास, मी लांब जाऊ नये म्हणून? मी उभ्यानंच जायचे. तेव्हापासून माझ्या पायांना बसायची सवय नाही, त्याचं श्रेय तुझंच.

तिसरं दालन सगळ्यात लहान आणि सगळ्यात गर्दीचं. डोंगरातल्या पहिल्यावहिल्या सायकली. आता दुकानात मिळतात त्या नव्हेत, त्यांच्या आज्या. डोंगर उतरायचं वेड लागलेल्या लोकांनी भंगारातून जुन्या क्रूझर उचलल्या, मडगार्ड, टाकी, सगळे दागिने उतरवले, मागे गियर बसवले, मोटारसायकलचे ब्रेकचे दांडे लावले. दोन अशा सायकली सारख्या नसतात, कारण त्या कारखान्यात झाल्या नाहीत. कुणाच्या तरी अंगणात झाल्या. इथे हात न लागलेल्या सायकलीला कुणी विचारत नाही. इथे विचारतात, हात कुणाचा.

मामाचा, दादा. तुला वेगळं सांगायला नको. खाणीमागच्या टेकडीवरून मामा पहिल्यांदा त्या जड क्रूझरवरून उतरला, तेव्हा मागच्या चाकाच्या हबमधून धूर निघत होता. आतलं ग्रीस जळून गेलं होतं, ब्रेक लागेना, आणि हा बाबा खाली आपल्या दोघांच्या मधून सुसाट जाऊन गवताच्या गंजीत घुसला. बाहेर आला तो हसत. डोक्यात गवत, आणि म्हणाला, पोरांनो, हिला ब्रेक हवेत, मला अक्कल नको. मग त्यानं अख्खा पावसाळा वर्कशॉपमध्ये काढला. ब्रेक बसवायला चार लोखंडी बोंडं कानसून काढली आणि गॅसच्या ज्योतीवर पितळेनं फ्रेमला जोडली. गियरचं चाक रुंद, म्हणून मागचे दोन दांडे पायानं रेटून फाकवले. जोडताना पुढून फ्रेम तू धरली होतीस, मागून मी. डोळे मिटून, कारण गॉगल एकच होता आणि तो मामाच्या नाकावर. काम झाल्यावर त्यानं पायडलच्या मधल्या गोल नळीवर, पोटाखाली, पंच ठोकून दोन टिंबं उमटवली. एक तुझं, एक माझं. ज्यानं धरली त्याची सही, म्हणाला. स्वतःचं टिंब ठोकलंच नाही. ते नेहमीचंच.

ती सकाळही तुला सांगायला नको, पण मी सांगणार आहे. फाटकाला साखळी लोंबत होती, कुलूप उघडं, कापलेलं नव्हे, उघडं, आणि सायकल नाही. मामा चप्पल न घालता रस्त्यावर दोन्हीकडे बघत होता. तू आतून टॉवेल खांद्यावर टाकून आलास, कुलूप हातात घेतलंस आणि किती मऊ आवाजात बोललास. मामा, तू रात्री लावलंच नसशील रे. होतं असं या वयात. तो म्हणाला, लावलं होतं. मग म्हणाला, लावलं असेल. संध्याकाळपर्यंत, नसेल लावलं. मी म्हणत राहिले की मी कुलूप लावल्याचा आवाज ऐकला होता, तर तू म्हणालास, हिला घरात कधी कुठला आवाज ऐकू आलाय, ही घरात असते कधी. सगळे हसले. मीसुद्धा हसले, हे मला अजून सलतं.

त्यानंतरचा मामा तू जवळून बघितलास, मी तर फार थोडा बघितला. दाराला कडी घालायचा, चार पावलं जायचा, परत येऊन कडी बघायचा. जेवताना मध्येच खिसा चाचपायचा. मग एक दिवस वर्कशॉपच्या किल्ल्या त्यानं आपणहून तुझ्यापुढे ठेवल्या. ज्याला कुलूप आठवत नाही त्यानं गॅस पेटवू नये, म्हणाला. तू नाही नाही म्हणत किल्ल्या उचलल्यास. मला ते बघवेना म्हणून मी निघाले. तू घरी सांगितलंस, भिंगरीला पुन्हा भिंगरी लागली.

तर पेटी. वरचा पेंढा काढला आणि आतून लाल-पांढरी क्रूझर निघाली, आरशासारखी. टाकी, मडगार्ड, पांढऱ्या कडेचे टायर. बरोबर तुझा टॅग. क्रूझर, मूळ स्थितीत, एकहाती जपलेली. काका म्हणाले, काय देखणी आहे, पहिल्या दालनात मधोमध ठेवू. मी सवयीनं खिशातलं लोहचुंबक काढून दांड्यांवरून फिरवलं. सगळीकडे चिकटत होतं, चार जागी घसरलं. चार जागी लोखंड कानसून वर पुट्टी भरलेली. कुठल्या चार जागा, ते मला डोळे मिटून सांगता आलं असतं, मी मिटूनच धरली होती ना. मग मागचं चाक बघितलं. दोन्ही बाजूंना जाड वायसर घालून चाक नीट बसवलेलं, कारण दांडे अजून फाकलेलेच आहेत. मामाच्या पायाचा जोर तुला उलटा फिरवता आला नाही. मग मी खाली शिरले. दोन टिंबं. त्यांच्यावर नुसता रंग आहे, पुट्टी नाही. ती तुला दिसली नाहीत, की दिसूनही तुझा हात गेला नाही, याचा मी तीन दिवस विचार केला. मग सोडून दिला. तुझ्या बाजूनं विचार करायचं काम आता तू कर.

पण एक गोष्ट ऐक, कारण ती सांगताना मला फार सुख होतंय. तू ती होती तशी पाठवली असतीस, मातीसकट, काळ्या रंगासकट, तर तिसऱ्या दालनात तिच्याभोवती उभं राहायला जागा मिळाली नसती. काकांना मी ती कशी होती ते सांगितलं, तर त्यांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, हाताने शिवलेला कोट उसवून कुणी दुकानातला सूट करतं का? तुला देखणी सायकल हवी होती, म्हणून तू तिच्यातला एकुलता एक माणूस पुसलास. आणि तोही अर्धवट.

आता हे पत्र कशासाठी. माफीसाठी नाही, तुझ्याही नाही आणि माझ्याही नाही. इथे एक रीत आहे, प्रदर्शनाच्या रविवारी सगळे जमतात तेव्हा ज्यानं सायकल आणली त्यानं तिच्याशेजारी उभं राहून तिची हकीगत सांगायची. मी तुझी सायकल तिसऱ्या दालनात नेऊन ठेवली आहे. तुझा टॅग काढला, नवा लावला, बनवणारा म्हणून मामाचं नाव घातलं, काकांनी खाली सही केली. तू आयत्या वेळी पहिल्या दालनात तिला शोधत फिरावंस आणि लोकांसमोर तिथे पोचावंस, असं आधी ठरवलं होतं. मग वाटलं, ते फार लवकर संपेल. तुला आधीच कळायला हवं. येईपर्यंतच्या सगळ्या रात्री तू उठून दाराची कडी बघावीस, एवढ्यासाठी लिहिलं. नाही आलास तर हकीगत मी सांगेन, आणि मला थांबायचं कुठे ते कळत नाही, हे तू जाणतोस. म्हणजे इथपर्यंत सगळं माझ्या मनासारखं होतं. पण हे लिहिता लिहिता दाराशी पिशवी घेऊन कुणीतरी उभं दिसलं आणि मी पेन खाली ठेवलं. मामा आलाय. एकटा, तीन बस बदलून, ज्याला तू कोपऱ्यावर सोबतीशिवाय जाऊ देत नाहीस तो. मी इथे असते हे त्याला ठाऊकही नव्हतं. तो तुझी सायकल बघायला आला होता, दादा. आपल्याला कुणी आणणार नाही म्हणून चार दिवस आधीच निघाला, इस्त्रीचा शर्ट घालून. मी काही बोलायच्या आत त्यानं तीन-चार सायकलींना वळसा घातला, तिच्याजवळ थांबला, मागच्या चाकाकडे बघितलं आणि वाकून पोटाखालून अंगठा फिरवला. दोन्ही टिंबं एकेक करून चाचपली. मग उठला आणि इतकंच म्हणाला, म्हणजे कुलूप मी लावलं होतं. आता स्टूल ओढून तिच्याशेजारी बसलाय, दाराकडे तोंड करून. खिसा चाचपत नाहीये. रविवारी तू किती वाजता येतोस, विचारतोय.

तुझीच,
भिंगरी