रुपरावमामांचा अंगठा आणि माझे संशोधन

गांधीबाग, नागपूर
१२ नोव्हेंबर १९७४

तीर्थरूप रुपरावमामा यांस,

वडीलधाऱ्यांना पत्र लिहिताना त्यांच्या चरणी साष्टांग नमस्कार घालायचा असतो, पण तुमच्या बाबतीत माझी तिथेच अडचण होते. आपल्याकडे मामाने भाच्याच्या पाया पडायचे असते आणि भाच्याने मामाच्या पायाला बोटही लावायचे नसते. लावलेच तर पाप मामाला. तेव्हा तुम्ही उमरेडहून मनातल्या मनात माझ्या पाया पडला आहात असे धरून (राग गिळून पडला असाल तर विशेष) आशीर्वाद देतो आणि पुढे लिहितो. इकडे मी आणि आई खुशाल आहोत. मिरची यंदा कशी आहे? तांबडी गाय व्याली का? अंगठा कसा आहे? यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मामींच्या कार्डावरून कळले. ठणकतो, पू येतो, वहाण घालवत नाही आणि तुम्ही कोणाला दाखवत नाही. चार महिने झाले, तुम्ही माझ्याशी बोलत नाही आणि माझी पत्रे हातात घेत नाही, त्यामुळे हेही मामीच वाचून दाखवत असतील. मामी, सावकाश वाचा. कंसातलेसुद्धा वाचा.

आधी माझी बाजू ऐका. भाचा डॉक्टर होतो आहे असे तुम्ही गावभर सांगितलेत, आणि लोक पोटदुखी घेऊन ओसरीवर आले तेव्हा तो तसा डॉक्टर नव्हे, शास्त्राचा डॉक्टर, असे तुम्हीच समजावलेत. कोणत्या शास्त्राचा ते सांगितले नाही, हे बरे केलेत. मी सहा वर्षे गोगलगायीच्या पायावर संशोधन केले. गोगलगायीला एकच पाय असतो आणि तो हलवण्याची तिला घाई नसते. माझे मार्गदर्शक मनोहरराव याच चालीचे. प्रबंधाचे पहिले प्रकरण त्यांच्या टेबलावर तीन वर्षे पडून होते आणि त्यावरचे चहाचे गोल डाग मी भोळेपणाने वाचनाच्या खुणा समजत होतो. शिवाय नागपूरचा उन्हाळा लागला की गोगलगायी शंखाचे दार लावून झोपतात, आणि पाऊस पडला तरी सगळ्या उठतीलच याची हमी नाही. म्हणजे वर्षातले सात महिने माझे संशोधन झोपलेले असे आणि मी त्याच्या उशाशी बसलेला असे.

एक दिवस मनोहरराव लंगडत आले. तळव्याला भोवरी झाली होती (मामींना विचारा, पाय टेकला की खडा टोचल्यासारखे होते). गोगलगायीच्या पायाचे पातळ काप घ्यायला जे पाते वापरतात तसे एक कोरे पाते मी उकळून घेतले आणि भोवरी थराथराने सोलून काढली. वीस मिनिटे लागली. मनोहररावांनी व्हरांड्यात एक फेरी मारली, मग दुसरी मारली, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. सहा वर्षांत माझ्या कामाने कोणाच्या डोळ्यांत पाणी आणले नव्हते (आईचे सोडून). दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या दाराशी रसायनशास्त्राचे दोन प्राध्यापक, ग्रंथपाल आणि परीक्षा विभागाचा एक कारकून रांगेत उभे. कारकुनाची टाच बरी केली, तेव्हा माझा अर्ज कोणत्या कपाटात आहे हे मला पहिल्यांदा कळले. मामा, खरे सांगतो, त्या दिवशी मी कोणाच्या तरी उपयोगाचा आहे असे मला वाटले. म्हणून प्रबंध सोडला (तुम्हाला कळवायचे धाडस मात्र झाले नाही). तसेही एका पायावरून दोन पायांवर आलो, ही बढतीच म्हणायची.

पण पाते चालवता आले म्हणजे पाय कळला असे नाही. म्हणून दीड वर्ष कामठीला देवाजींकडे उमेदवारी केली. हे छावणीच्या इस्पितळातले निवृत्त ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारे. पलटणीच्या पायांवर त्यांची हयात गेली. पहिल्याच दिवशी म्हणाले, "पाय मंग पाह्यजो बापू, पहिले माणूस चालते कसा थे पाह्य." महिनाभर मी कन्हानच्या रस्त्याकडेला बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांकडे टक लावून पाहत होतो. चप्पलचोर म्हणून दोनदा हटकला गेलो. मग गांधीबागेत एक खोली घेऊन 'पायांचा दवाखाना' अशी पाटी लावली. पहिल्या आठवड्यात सतरा चपला दुरुस्तीला आल्या. पुढे मात्र कापडवाल्यांना माझी महती पटली, कारण दिवसभर गादीवर मांडी घालून बसल्याने त्यांच्या घोट्यांना घट्टे पडतात. अडचण एवढीच, की पाय हातात घेतला की समोरचा माणूस सवयीने माझ्या डोक्यावर हात ठेवतो आणि आशीर्वाद देऊन मोकळा होतो. दिवसातून आठदहा वेळा मी पुत्रवान होतो (लग्न व्हायचे आहे, हे तुम्ही जाणताच).

अशाच एका आशीर्वादाच्या वेळी तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. कापडवाल्या ओमप्रकाश शेठजींची टाच माझ्या मांडीवर होती. तुम्ही एवढेच म्हणालात, "काहून गा बापू, एवढा शिकून लोकायचे पाय धरून राह्यला?" आणि परत फिरून उमरेडची बस गाठलीत. मला धावता आले नाही, हातात शेठजींचा पाय होता. पण तुमची चाल मी पाहिली. उजवा अंगठा तुम्ही टेकवत नव्हता. पायात नवे काळे बूट होते, चवड्याला आवळ. ते बूट तुम्ही माझ्या पदवीदानाला घालायचे म्हणून घेतले होते आणि सैल व्हावेत म्हणून दर आठवडी बाजाराला घालून जात होता, हे आईने मला नंतर सांगितले. म्हणजे मला न मिळालेल्या पदवीने तुमचे नख मांसात घातले. मामा, पदवी गेली त्याचे मला काही वाटत नाही. नखाचे फार वाईट वाटते.

असो. मला काही मागायचे नाही. केवळ खुशाली कळावी म्हणून हे चार शब्द लिहिले. घरात सर्वांना यथायोग्य.

तुमचा (रीतीप्रमाणे पूज्य) भाचा,
मधुकर

ता. क. मागायचे नाही, हे खोटे लिहिले. मामींच्या कार्डात आहे की आता तुम्ही अंगठ्यावर बिब्बा लावणार. लावू नका. कातडी भाजेल, आणि नख असेच आत जात राहिले तर पू हाडाला लागतो, मग अंगठा काढावा लागतो. देवाजींकडे असे दोघे मी पाहिले आहेत. मी रविवारी सकाळच्या बसने येतो आहे. पापाचे म्हणाल, तर आधी रीतीप्रमाणे तुम्ही माझ्या पाया पडा, मी नाही म्हणणार नाही. मग बाजेवर बसून पाय माझ्या हातात द्या आणि जे पाप होईल ते माझ्या नावावर ढकला. अर्ध्या नागपूरचे पाय मी धरले. मला खांद्यावर बसवून जे पाय नाल्यापलीकडच्या शाळेपर्यंत चालत गेले, तेवढेच मला धरता येऊ नयेत, ही कसली रीत?

ता. क. दुसरे. पत्र लांबले म्हणून रागावू नका. मामींना मी वेगळे कार्ड टाकून कळवले होते, की माझे जाड पाकीट आले की फोडण्याआधी मामांपुढे कोमट पाण्याचे घमेले ठेवा, त्यात मूठभर मीठ टाका आणि शीण उतरतो असे सांगून त्यांना पाय बुडवायला लावा. नख मऊ पडायला पंधरा मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ तुम्हाला एका जागी बसवायला माझ्याजवळ गोगलगायींखेरीज काही नव्हते. मी हात लावलेला नाही, तेव्हा कोणालाच पाप नाही. पाणी निवत आले असेल. आता पाय बाहेर काढा, आणि मामी नखाच्या कोपऱ्याखाली कापूस सरकवतील तेव्हा त्यांच्या अंगावर ओरडू नका.