एपेलीमामांच्या बोटीचा तळ

सुवा, फिजी
९ जून

ती. लितियाताईस, जोसातेकीचा नमस्कार.

मी खुशाल आहे असं लिहायची रीत, म्हणून लिहिलं. खरं मानू नकोस.

हे पत्र उनाइसीच्याच हाती देतोय. तिच्या आजीचं जास्त झाल्याचा निरोप आला आणि सरकारी बोट नेमकी आदल्या दिवशी गेलेली. मग तिच्या एपेलीमामांनी आपली शिडाची बोट काढली. वर्षभर धक्क्याला बांधलेली. तळाला शेवाळ, शिंपल्या. त्यात आपल्या कबारा बेटाकडे यायचं म्हणजे वारा तोंडावर. मामा म्हणाले, "अर्धवट इंजिनिअर, काढ तुझं शिक्षण बाहेर."

सरांशी भांडून कॉलेज सोडलं, पण त्यांचं एक वाक्य सुटत नाही. तळाला टेकलेलं पाणी घसरत नाही. बोटीला धरून राहतं, शेजारच्या पाण्यालाही ओढतं. तळ जितका खरखरीत, तितकी ओढ जास्त.

डावी बाजू घासली आणि हात थांबला. आजी जिवंत भेटली तर आजोबांसाठी उनाइसीला तिथंच ठेवून घेणार, आणि मी इथं एकटा, हे तुलाही ठाऊक आहे. वर येऊन बसलो. ती धक्क्यावर चटई गुंडाळत होती, रडत होती. पुन्हा उतरलो. उजवीही घासली.

तुझा जोसातेकी

कबारा
१७ जून

चि. जोसातेकीस अनेक आशीर्वाद.

बोट इतक्या लवकर आली की किनाऱ्यावर कुणाला खरं वाटेना. आजीनं उनाइसीला ओळखलं, तिच्या हातून शहाळ्याचं पाणी घेतलं, आणि पहाटे गेली. मामा सांगत होते, पोरगं तापट आहे, पण तळ आरशासारखा केला.

तुला भीती होती तेच झालं. आजीनं तिचा हात आंधळ्या आजोबांच्या हातात दिला, आणि ती हो म्हणाली. तुझं नाव काढलं तर चटईची कड उसवत बसली. मग एवढंच म्हणाली, "त्याला सांग, आजी भेटली."

हे पत्र खोबऱ्याच्या बोटीनं आधी धाडतेय. परतीला वारा पाठीचा, मामा लवकर येतील. एकटेच. धक्क्यावर जाऊन उभा राहू नकोस. जेवत जा.

तुझी ताई

सुवा
२ जुलै

ती. ताईस नमस्कार.

तुझं ऐकलं नाही, गेलो होतो. मामांनी खांद्यावर हात ठेवला.

बोट पुन्हा बांधून पडलीय. शेवाळ लगेच धरतं, म्हणून उतरून घासतो. काल मामा वरून म्हणाले, "अरे, आता कुठं जायचंय?"

मी पुन्हा बुडी मारली. उजवी बाजू राहिली होती.

लोभ धरून ठेव, सुटू देऊ नकोस.

तुझा जोसातेकी