बाबांचा खांदा

दि. २ जून, सकाळी सव्वानऊ

ती. सौ. ताईस,
सा. न.

हे पत्र मी स्वयंपाकघराच्या दारात बसून लिहीत आहे आणि सुतार कपाटाच्या बिजागऱ्या काढत आहे. अक्षर हलले असेल तर तो ठोकतो आहे असे समज.

आईला यातले काही सांगू नकोस. ती पंधरा तारखेला तुझ्याकडून परत येईल, तेव्हा घर सरळ झालेले तिने एकदम पाहावे असा माझा बेत आहे. गेल्या रविवारी माझी होणारी बायको तिच्या मामांबरोबर आली होती. चहा मीच करते म्हणाली. साखरेच्या डब्याचे झाकण बाबांनी लेथवर उलट्या आट्यांचे केलेले. ती बिचारी उघडायला म्हणून फिरवत गेली, ते आणखी घट्ट बसत गेले. मामांसमोर तिची चूक काढणे मला बरे दिसेना. शेवटी तिघांनी बिनसाखरेचा चहा घेतला. निघताना मामांनी दाराची कडी उजवीकडे बराच वेळ चाचपली. म्हणाले, घर छान आहे, फक्त आरशात पाहिल्यासारखे वाटते.

बाबांचा उजवा खांदा दुखावला म्हणून त्यांनी सारे घर डाव्या हाताला लावून घेतले, हे आपल्याला ठाऊक. नव्या माणसाला काय ठाऊक? आता बाबा नाहीत. आईचे डावखुरेपणही त्यांच्या संगतीनेच आलेले, तेव्हा तिलाही सुटल्यासारखे वाटेल.

येत्या रविवारी कारखान्यात बाबांच्या आठवणीसाठी सभा आहे. मला एक पान वाचायचे आहे. लिहून चार वेळा तपासले. खांदा निकामी असूनही त्यांनी आयुष्यभर लेथ चालवला, घरी डाव्या हाताने दाढी करताना रोज हनुवटी कापली तरी तक्रार केली नाही आणि आईने प्रेमापोटी त्यांचे डावखुरेपण उचलले, असा मजकूर आहे. पसंत आहे का ते लगेच कळव, नाहीतर मला झोप लागायची नाही.

माझ्यावरचा लोभ आहे तेवढाच ठेव. वाढवलास की उपदेशही वाढतो.

तुझा,
धाकटा

दि. ५ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सुताराला आधी थांबव, मग पुढचे वाच.

तुझे पत्र आईपासून लपले नाही. ती समोर मटार सोलत बसली होती आणि मी हसत सुटले. खांद्याचे वाचून दाखवले तेव्हा तीही हसली. सुताराचे ऐकले तेव्हा हातातली शेंग तशीच धरून बसली. मग म्हणाली, अगं, त्यांच्या खांद्याला काही झालेच नव्हते.

डावखुरी आईच, जन्मापासून. लग्न होऊन आली तेव्हा आजीला ते खपेना. डाव्या हाताने वाढशील तर जेवणार नाही म्हणायची, आणि आई उजव्या हाताने वाढायला गेली की भाजी आजीच्या मांडीवर. महिनाभर रोज रडारड. मग एके दिवशी बाबा खांदा धरून कामावरून आले. लेथवर लचकला म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलंय, घरी उजवा हात वापरायचा नाही. आपला मुलगाच डाव्या हाताने जेवतोय म्हटल्यावर आजी सुनेला कोणत्या तोंडाने बोलणार? उलट शेजारी सांगायला लागली की बरे झाले, सूनही तशीच मिळाली. मग बाबांनी कड्या हलवल्या, दारे फिरवली, झाकणे केली. सगळे आईच्या हाताला. आजी रोज संध्याकाळी त्या धडधाकट खांद्याला तेल चोळायची आणि बाबा कण्हायचे. आई म्हणते, कण्हणे जरा जास्तच असायचे.

आजी गेल्यावर आई म्हणाली, आता तरी सोडा हे सोंग. तर म्हणाले, पोरांना काय सांगू? आणि खरं सांगायचं तर घरात पाऊल टाकलं की मला उजवा हात आठवतच नाही.

एवढे सांगून तिने हातातली शेंग सोलली. मग विचारले, दारं तरी राहिली असतील का गं? तिला काय सांगू ते कळव. आणि ते पान सभेत वाचू नकोस, राजा.

लोभ आहेच. अक्कल आलेली दिसली की वाढवीन.

तुझी,
ताई

दि. १० जून

ती. आईस,
शि. सा. न.

ताईचे पत्र सोमवारी मिळाले. सभा रविवारीच झाली होती आणि मी ते पान पूर्ण वाचले. खांद्यापर्यंत आलो तेव्हा मागच्या रांगेत कोणीतरी खोकले, मग सगळेच हसले. शेजारच्या लेथवरचे काका उठून म्हणाले, बाळा, जेवणाच्या सुट्टीत पंजा लढवताना तुझ्या बापाचा उजवा हात आमच्यापैकी कोणालाही पाडता आला नाही. हनुवटीला रोज कापूस लावून यायचा, म्हणून आम्हाला वाटायचे, बायको फार तापट असणार. मी सर्वांची क्षमा मागितली आणि तू तापट नाहीस असे स्पष्ट केले.

सोमवारपर्यंत सुताराने दोन दारे आणि कपाट फिरवले होते. परत होते तसे कर म्हटल्यावर त्याने मला नीट बघून घेतले. म्हणाला, साहेब, घराचं तोंड कुठं हवं ते एकदा ठरवा, आणि उलट्याचं सुलटं करण्यापेक्षा सुलट्याचं उलटं करायला जास्त पडतील. मी कबूल केले. तू येशील तेव्हा सगळे तुझ्या हाताला असेल. कपाटाला काही भोके दिसतील, त्यांत मी भुसा आणि सरस भरला आहे.

हे सगळे मी तुझ्या होणाऱ्या सुनेला जाऊन सांगितले. ती दवाखान्यातली रात्रपाळी करून आली होती, डोळे मिटत होते, तरी शेवटपर्यंत ऐकले. कड्यांचं मी शिकेन म्हणाली. मग विचारले, आई पहाटे किती वाजता भांडी घासायला घेतात? मी साडेपाच सांगितले. तिने एक जांभई दाबली. मग म्हणाली, आणि तुम्ही माझ्यासाठी काय खोटं बोलाल? मी विचार करायला दोन दिवस मागून घेतले. मला या कामाची सवय नाही, हे तू जाणतेस.

आता दुसरा विषय. काल सकाळपासून माझी प्रकृती ठीक नाही. भांड्यांचा आवाज झाला की कपाळात कळ येते. डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, सकाळी दहापर्यंत घरात भांडे वाजता कामा नये. दुखणे जुनाट आहे आणि लग्नानंतर वाढेल असे त्यांचे मत पडले. तू काळजी करू नकोस. डॉक्टरांचे नाव समक्ष सांगेन.

आशीर्वाद आहेतच, ते दोघांना पुरतील एवढे असू दे.

तुझा,
धाकटा