सिमविना पंधरा दिवस

३ एप्रिल

काढलं एकदाचं. बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टाचणी घेतली, फोनच्या कुशीतल्या त्या बारीक भोकात खुपसली, आणि नखाएवढं सिम बाहेर आलं. शस्त्रक्रिया यशस्वी. रुग्णाची वाचा गेली, तब्येत उत्तम.

काल दिवसभरात एकतीस फोन. मोजले. सतरा जणांना आपलं नाव पेपरात हवं होतं, चौघांना आपलं नाव पेपरात नको होतं, मेव्हण्याला माझा विमा उतरवायचा होता (दोनदा), आणि उरलेल्यांनी चुकून लावला होता. बातमी एकही नाही. वार्ताहर होऊन एकोणीस वर्षं झाली, पण वार्ता मला फोनवर कधी भेटलेली नाही. ती भेटते बाकावर, रांगेत, कचेरीच्या जिन्यात.

बायको म्हणाली, "सिम नाही तर तो फोन कसला? आरसा आहे."

"संगणक आहे. खिशात मावणारा."

"मग खिशातच ठेवा. जेवताना ताटाशेजारी नको."

शुद्ध भाषेत त्याला भ्रमणध्वनी म्हणतात. आजपासून भ्रमण चालू, ध्वनी बंद.

४ एप्रिल

लेक दोन दिवसांसाठी आली आहे. घरच्या वायफायवर बसून तिनं माझ्या संगणकाचं पोट भरलं – अख्ख्या शहराचा नकाशा, दोन शब्दकोश, आकडेमोडीचे तक्ते, नोंदवही. "बाबा, हे सगळं आता फोनमध्येच उतरलंय. बाहेर नेट नसलं तरी चालेल."

मग माझ्या नऊ जुन्या वह्या काढल्या. एकोणीस वर्षांची टिपणं, निम्म्या पानांवर चहाचे गोल. लेकीनं युक्ती सांगितली. प्रत्येक पानाचा फोटो काढायचा आणि खाली एक शब्द टाकायचा, म्हणजे तो शब्द शोधला की पान समोर हजर.

शब्द टाकायचं काम मी कुणाला देणार होय? बाजाराच्या पानाला 'विपणि'. पुलाच्या पानाला 'सेतु'. तलावाला 'तडाग', पाण्याच्या पातळीला 'जलस्तर'. लेक खांद्यावरून वाकून पाहत होती.

"बाबा, हे तुमच्याशिवाय कोण शोधणार?"

"तोच तर फायदा आहे."

"आणि तुम्हीच विसरलात तर?"

विसरणं हा माझा प्रांत नाही, असं तिला सांगितलं. तिनं आईकडे पाहिलं. आईनं छताकडे पाहिलं.

६ एप्रिल

काल पुठ्ठ्यांच्या गोदामाला आग लागली. संपादकांनी मला अकरा वेळा फोन लावला. मी घरी 'अग्नि' हा शब्द टाकून सात वर्षांपूर्वीच्या आगीचं पान नोंदवत होतो. यातला विनोद संपादकांच्या लक्षात आला नाही.

बातमी आमच्या 'तातडी'नं केली. तिचं खरं नाव कचेरीत आता कुणाला आठवत नसावं. वय अठ्ठावीस, दोन फोन, आणि प्रत्येक वाक्यात एकदा तरी "तातडीनं".

संपादक म्हणाले, "वार्ताहर म्हणजे ज्याला फोन लागतो तो."

"साहेब, व्युत्पत्तीनं पाहिलं तर वार्ता हरण करून आणतो तो–"

"व्युत्पत्ती राहू द्या. पंधरा दिवस देतो. सिम घाला, नाहीतर सिमवाचून पेपरला उपयोगी पडून दाखवा. दोन्ही नाही जमलं तर मुद्रितशोधनाच्या टेबलावर या. तिथे फोन लागत नाही, आणि तुमचं व्याकरण चांगलं आहे."

माझ्या संस्कृतचं एकोणीस वर्षांत झालेलं हे पहिलं कौतुक, आणि तेही शिक्षा म्हणून.

मुद्रितशोधनाची खोली पाहून आलो. खिडकी आहे, पण ती जिन्यात उघडते. दिवसभर इतरांच्या वेलांट्या नीट करायच्या आणि बाहेर काय चाललंय ते दुसऱ्या सकाळी छापून आल्यावर वाचायचं. नको. काही झालं तरी नको.

सिम टाचणीच्याच डब्यात आहे. तिथेच राहील.

९ एप्रिल

वही सहावी. उजवा अंगठा बधिर.

११ एप्रिल

छोटे विजय, नोंदीपुरते: (एक) भूमापन कचेरीत जाताना छायाचित्रकारासह आम्ही नव्या वसाहतीत अडकलो. त्याच्या फोनचा नकाशा गोल गोल फिरत राहिला. माझ्या नकाशानं मागची गल्ली काढून दिली. (दोन) शिक्षणाधिकाऱ्यांच्या भाषणातली टक्केवारी बसल्या बसल्या तपासली. बेरीज एकशे सहा. त्यांना दाखवली तर म्हणाले, "मुलं वाढली असतील." (तीन) गेल्या आठ दिवसांत मेव्हण्याला मी निरोगी आहे की नाही याचा पत्ता नाही.

एक पराभवही. बायकोनं सामानाची यादी माझ्या फोनवर टिपायला सांगितली होती. दुकानात सवयीनं वाचून दाखवली – लवण, शर्करा, आर्द्रक, मरीच. दुकानदार शांतपणे म्हणाला, "औषधं समोरच्या दुकानात मिळतात."

१३ एप्रिल

नऊही वह्या खिशात. चालताना पायजम्याला वजन जाणवत नाही, पण मला जाणवतं.

संपादक जिन्यात भेटले. "काय, उपयोगी पडलात का?" म्हटलं, अजून आठ दिवस आहेत. ते म्हणाले, "टेबल पुसून ठेवायला सांगितलंय."

१५ एप्रिल

आजचं सगळं नीट लिहून ठेवलं पाहिजे.

पाणीपुरवठ्याच्या मुख्य अभियंत्यांनी पत्रकारांना तलावाजवळच्या पंपघरात बोलावलं होतं. पंपघर जमिनीखाली, अडतीस पायऱ्या उतरून. भिंती दोन हात जाड, त्यामुळे खाली कुणाच्याच फोनला रेंज नाही. तातडी दोन्ही फोन वर धरून कोपऱ्या कोपऱ्यात फिरत होती.

अभियंत्यांनी छडीनं मोजपट्टीचा फोटो दाखवला. तळापासून पाणी एकवीस फूट. "नोंदी ठेवायला लागल्यापासून तलाव इतका कधीच उतरलेला नाही. त्यामुळे नाइलाजानं सोमवारपासून शहराच्या पूर्व भागाला एक दिवसाआड पाणी."

पूर्व भाग म्हणजे चाळी, दोन शाळा आणि सरकारी दवाखाना. सगळ्यांनी माना खाली घालून लिहून घेतलं. मला मात्र कुठेतरी खटकलं. मी या तलावाच्या काठावर याहून जास्त चिखल पाहिलेला आहे. माझी एक चप्पल त्यात गेलेली आहे.

हात वर केला. "साहेब, आठेक वर्षांपूर्वी याहून खाली होता."

"नसणार."

"होता."

"पुरावा आहे का काही?"

खिशातून फोन काढला. मागून कुणीतरी म्हणालं, "कुणाला लावताय? रेंज नाही." आणि छायाचित्रकार म्हणाला, "त्यांना वर सुद्धा रेंज नसते."

शोधायच्या चौकटीत लिहिलं: पाणी. 'काही सापडले नाही.' पातळी. 'काही सापडले नाही.' तलाव. 'काही सापडले नाही.' अभियंत्यांनी घड्याळात पाहिलं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. नऊ वह्या, बधिर अंगठा, एकोणीस वर्षं, आणि समोर रिकामी पाटी. मुद्रितशोधनाची ती जिन्यात उघडणारी खिडकी डोळ्यांसमोर आली. पाणवठा लिहिलं. सरोवर लिहिलं. काही नाही.

तेवढ्यात शेजारून तातडी अगदी हळू म्हणाली, "सर, संस्कृतमध्ये विचारा ना. तुम्ही आमच्यासारखं थोडंच लिहिता."

जलस्तर!

चौदा पानं एकदम उघडली. आठ वर्षांपूर्वीची सतरा एप्रिल: पाणी अठरा फूट चार इंच. खाली माझ्याच अक्षरात – 'पूर्व भाग पुरवठा रोज, अखंड.' आणि त्याखाली पंप चालवणाऱ्याची सही, कारण तेव्हाही आकड्यावर माझा विश्वास बसला नव्हता आणि मी त्याला पानावर सही करायला लावली होती.

अभियंत्यांनी फोन हातात घेतला, फोटो बोटांनी मोठा केला. "ही सही कुणाची आहे, काय माहीत."

पंपाच्या मागून एक पिकल्या मिशांचा माणूस हात पुसत पुढे आला. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि बराच वेळ पाहत राहिला.

"माझी आहे साहेब. शेवटचा फराटा असा मीच काढतो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमची चप्पल नंतर सापडली होती. दोन वर्षं ठेवली, मग टाकली."

पंपघरात हशा पिकला. अभियंते हसले नाहीत, पण छडी मात्र खाली ठेवली. म्हणाले, "त्या वर्षीचं रजिस्टर काढून पाहतो. तोवर सोमवारचा निर्णय थांबवलाय असं लिहा."

वर आल्यावर सगळे रेंज शोधायला रस्त्याकडे धावले. मी पंपघराच्या वरच्या पायरीवर बसलो आणि अख्खी बातमी तिथेच अंगठ्यानं लिहिली. वीस मिनिटं. एकदाही घंटी वाजली नाही, मध्येच कुणाचा चेहरा पडद्यावर उगवला नाही. असं एकसंध वीस मिनिटांचं लिखाण गेल्या दहा वर्षांत झालेलं नाही. मग चालत कचेरीत. तिथलं वायफाय जोडलं आणि बातमी पानावर.

तातडीच्या तीन ओळी माझ्या आधी पोचल्या होत्या. दुसऱ्या ओळीत तिनं लिहिलं होतं – 'आमच्या वार्ताहरांनी दाखवून दिल्यावर.' मला न विचारता. मी तिला म्हटलं, "माझ्या बातमीत तुझं नाव टाकतो. शब्द तू सुचवलास." ती म्हणाली, "नको सर, मी संस्कृतमध्ये नापास झाले होते."

१६ एप्रिल

पहिलं पान. वर वहीच्या पानाचा फोटो, चहाच्या गोलासकट. बायकोनं तो गोल ओळखला. "हा आपल्या निळ्या कपाचा." आता तो कप घासायलाही ती मला देत नाही.

दुपारी कचेरीत निरोप आला. रजिस्टर सापडलं, आकडा तोच. निर्णय मागे. खरं दुखणं पूर्वेच्या दोन नंबरच्या पंपाचं होतं, तो दुरुस्तीला काढला आहे. पूर्व भागाला रोज पाणी.

संपादकांनी बोलावलं. पुढ्यात माझी बातमी होती आणि पेन्सिलीची एकही खूण नव्हती. "बाहेरच राहा," म्हणाले. "सिम घाला किंवा घालू नका. मी काही म्हणणार नाही." मी नमस्कार करून निघालो तर पाठीमागून, "ते 'जलस्तर' मात्र शीर्षकात नको होतं." मी काही ते घातलंच नव्हतं. आमच्या मुद्रितशोधकानं घातलं. त्याचंही व्याकरण चांगलं आहे.

संध्याकाळी पूर्व भागातून घरी आलो. वाट वाकडी करून. एका चाळीच्या नळावर बाई बादली भरत होती आणि मधेच नळ बंद करायला विसरून शेजारणीशी बोलत होती. पाणी बादलीवरून वाहत होतं. वाईट सवय. मी थोडा वेळ पाहत उभा राहिलो.

१७ एप्रिल

लेकीचा व्हिडिओ कॉल, आईच्या फोनवर. "बाबा, विसरलात ना?" तिला कुणी सांगितलं ते विचारलं नाही. सगळ्या पानांना दुसरा, साधा शब्दही टाकायला घेतला आहे. अंगठा पुन्हा बधिर. मजा येते आहे.

१९ एप्रिल

सकाळी दार वाजलं. संपादक! एकोणीस वर्षांत पहिल्यांदा घरी आले होते, पायी, घाम पुसत.

"तुम्हाला फोन लागत नाही म्हणून यावं लागलं." चहा झाला. दुसरा झाला. मग म्हणाले, डॉक्टरांनी बारीक अक्षर वाचायला मनाई केली आहे. या महिनाअखेर ते पेपर सोडतायत. "मुद्रितशोधनाचं टेबल ती शिक्षा नव्हती हो. माझी खुर्ची द्यायच्या आधी तुम्हाला आठवडाभर आत बसवायचं होतं, आणि सरळ सांगायचं मला जमत नाही. तुम्ही तर बाहेर राहण्यासाठी अख्ख्या शहराला पाणी पाजलंत."

फोनवर विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो. समोर माणूस बसला होता, आणि कप हातात घेताना बशी चाचपत होता.

खुर्ची घेतो म्हणालो. तिच्यासमोरचा टेलिफोन तातडीच्या टेबलावर जाईल.