शालूसाठी टपावर गारवा

१७ एप्रिल १९६६, अकोला

हे आज पुन्हा शिडी लावून ट्रकच्या टपावर चढले. माप घेतलं, उतरले, पुन्हा चढले. लिलावात घेतलेला मिलिटरीचा ट्रक. त्यावर आता लाकडी खोली उभी आहे — खिडक्या, खाट, पाण्याचा माठ. आमच्या शालूला उन्हाळाभर चिखलदऱ्याला नेऊन ठेवायचं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, भाजलेल्या कातडीला घाम येत नाही, पोरीला वऱ्हाडच्या उन्हात ठेवू नका. पण तिथवर न्यायचं कसं? दुपारी त्या डब्यात पापड भाजून निघेल. म्हणून टपावर थंड हवेची सोय करायची. कसली करायची, यावर यांच्या गॅरेजात रोज सभा भरते.

शालू आत ओल्या चादरीखाली पडून असते. तिला कुणी विचारलं नाही.

१९ एप्रिल

माझा भाऊ जानराव म्हणतो, टपावर बर्फाची पेटी ठेवा, तिच्यावर पंखा.

"अन् बर्फ अकोटपर्यंत तरी पुरन काय?" हे म्हणाले.

मग वाळ्याच्या पेटीचं निघालं. तीन बाजूंनी वाळा, वरून पाणी ठिबकत राहील, बॅटरीवर पंखा चालेल. तेही यांना हलकं वाटलं. शेवटी एका कापसाच्या जिनवाल्या शेठकडचं हवा गार करायचं मुंबईचं यंत्र आणायचं ठरलं. त्याला वीज लागते, म्हणजे मागे जनरेटर बांधणं आलं. "पोरीसाठी म्या काय कमी करू?" असं चारचौघांत म्हणाले. मी भाकरी थापत होते. थापतच राहिले.

दिवाळीत हीच पोरगी सासरहून, भातकुलीहून, एकटी आली होती. पाठीवर वळ. "बाबा, मले परत नका धाडू." यांनी स्वतः तिला मोटारीत बसवून दिलं. "भांड्याले भांडं लागतेच," म्हणाले. भांड्याला भांडं! संक्रांत झाली आणि तार आली — स्टोव्ह भडकला, शालू अमरावतीच्या दवाखान्यात.

२४ एप्रिल

भयंकर ऊन. शालूची चादर दिवसभरात सात वेळा ओली केली.

२८ एप्रिल

जावई आले. देवीदासराव. इस्त्रीचा सदरा, काखेत टरबूज. बायको जिथे पडली आहे त्या खोलीकडे फिरकले नाहीत. गॅरेजात गेले, गाडीभोवती फिरले. "मामाजी, काम झकास हाय." मग हळूच मुद्द्यावर — "शालूचं आता कठीणच. आमच्या मायचं वय झालं, घरात बाईमानूस पाहिजे. तिनं खुशीनं मोकळं केलं त बरं."

हे "पाहू" म्हणाले. पाहू!

मी चहा ठेवला नाही. तर हे उठले आणि स्वतः ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या तापातही कधी चुलीपुढे बसले नव्हते.

३ मे



यंत्र टपावर चढलं. शालूला डब्यात खाटेवर बसवलं. मी जवळच होते. रॉकेलवरचा जनरेटर भस्स करून सुरू झाला, रॉकेलचा वास डब्यात शिरला. वरून गार हवा आली खरी. पण शालू खाटेखाली शिरली. अंग चोरून भिंतीला चिकटली.

"बंद करा, बंद करा रे!" यांनीच आरडाओरडा केला. मग खाली वाकून, "ये वं बाई, बाहेर ये."

ती येईना. मी फळीवर आडवी झाले, तिचा चांगला हात धरला. तेव्हा बोलली.

"आई, स्टोव्ह भडकलाच नव्हता. इझलेला होता. सासूनं धरलं अन् तुमच्या जावयानं रॉकेल वतलं."

"मंग दवाखान्यात जबाब देताना काहून नाही सांगितलं?" यांनी विचारलं.

"ते खाटेपाशीच उभे होते, बाबा. अन् तुमी त मले परतच धाडलं असतं."

हे दारातच बसले.

४ मे

यंत्र परत गेलं. हे जेवले नाहीत. मी आग्रह केला नाही.

६ मे

मीच शालूला विचारलं, "टपावर काय बसवायचं?"

"पान्याचं बसवा. आवाज नको."

हे दिवसभर टपावर होते, उघड्या डोक्यानं. मला अंगणातून दिसत होतं. यांचा डोक्याला बांधायचा दुपट्टा खुंटीवर होता. मी नेऊन दिला नाही.

संध्याकाळी पेटी सुरू केली. ओल्या वाळ्याचा वास डब्यात भरला. शालू गाढ झोपली, किती दिवसांनी. हे माझ्याकडे पाहू लागले — काहीतरी चांगलं ऐकायला मिळेल म्हणून. मी म्हटलं, "दिवाळीत तिले घरात ठेवून घेतलं असतं, त ह्या पेटीची गरजच पडली नसती."

"हो," म्हणाले.

९ मे

सकाळी चिखलदऱ्याला निघालो. शालू मागे वाळ्याच्या गारव्यात झोपेल असं ठरलं होतं. ती पुढे येऊन यांच्या शेजारी बसली, पदरानं मान झाकून. अकोटच्या फाट्याशी तिनं स्टिअरिंगवर हात ठेवला.

"इकडे नका वळवू, बाबा. अमरावतीले घ्या, पोलीस ठाण्यात. मले जबाब बदलाचा हाय."

"पुढं बसून ऊन लागन, बेटा."

"लागू द्या."