उंदीर आणि दोनदा तपासायची अट

मी, खाली सही करणारा, वय सेहेचाळीस, कार्डांच्या सामन्यांत वीस वर्षं पंच. मंगळवारी पोटाचं ऑपरेशन आहे, म्हणून हे लिहितो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मनाचा दाखला कुणी देत नाही.

१. राहतं घर धाकट्या बहिणीला. न्हाणीघरातला नळ उलटा फिरतो.

२. चार हजार कार्डं क्लबला. आधी पुसून घ्यावीत. चिप्सच्या तेलाने बरबटलेल्या बोटांनी लोकांनी ती हाताळली, वर माझ्याकडे न्याय मागितला. त्या हॉलचा मोज्यांचा वास अजून नाकातून जात नाही.

३. डायऱ्या जाळाव्यात. अकरा वर्षांपूर्वीची ठेवावी.

४. बहिणीने जिंकून माझ्याकडे ठेवलेला, माझ्या कपाटातला चषक चष्मेवाल्याला. हा माझा कॉलेजपासूनचा मित्र, चष्म्यांचा दुकानदार. अकरा वर्षांपूर्वी अंतिम सामना त्याच्यात आणि बहिणीत होता, पंच मी. तिचं पहारेकऱ्याचं कार्ड मेलं. कार्डावर लिहिलं होतं: हा मरताना तुमच्यापुढे दुसरं कुणी नसेल, तर दोन कार्डं ओढा. तेव्हा तिच्यापुढे कुणी नव्हतं, म्हणून परिणाम सुरू झाला. पण तो लगेच घडत नाही; आधी प्रतिस्पर्ध्याला उत्तर देता येतं, आणि घडायच्या क्षणी अट पुन्हा तपासतात. मधल्या वेळात चष्मेवाल्याने तिच्यापुढे एक क्षुल्लक उंदीर आणून बसवला. अट मोडली. कार्डं मिळायला नको होती.

"दादा, नक्की ना?" तिने विचारलं.

"नक्की. एकदा लागू झाली की झाली," मी म्हणालो. दुसऱ्या कार्डावर ती जिंकली. घरी येऊन नियमांचं पुस्तक उघडलं, चूक डायरीत तारखेसह नोंदवली आणि तोंड मिटलं. ती चूक होती की माया, हे अजून मला सांगता येत नाही. दोन्हींची सारखीच शिसारी येते.

म्हणून: माझ्या मृत्यूवेळी चष्मेवाल्याला हे ठाऊक नसेल, आणि मृत्युपत्र वाचतानाही नसेल, तर वकिलांनी हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावं. म्हणजे मी मेल्यावर खरं बोलणार. काय पण पंच.

५. साक्षीदार म्हणून मी काल त्यालाच बोलावलं होतं. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नको.

"मला काय देतोयस बाबा?" त्याने विचारलं.

सांगावंच लागलं. त्याने चष्मा पुसला.

"उंदीर माझा होता. मला कळणार नाही होय?"

"मग अकरा वर्षं गप्प का बसलास?"

"तू कधी बोलतोस ते बघत होतो. ऑपरेशन लागेल असं नव्हतं वाटलं."

अकरा वर्षं हा माणूस माझ्याकडे चहा पीत होता, आणि त्या कपाटाकडे पाठ करून बसायचा. ते मला आज आठवलं.

६. चौथ्या कलमातली अट आता पुरी होत नाही. तरी ते खोडत नाही. चषक तो घेऊन गेला नाही. "आधी तिला सांग," एवढंच म्हणाला. बहिणीसाठीही तसंच कलम लिहायला घेतलं होतं, ते फाडलं. ती रविवारी जेवायला येते.

साक्षीदार: वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका, कोपऱ्यावरचे औषधविक्रेते. दोघांनी माझी सही पाहिली, मजकूर नाही.

सही
स्वयंपाकघरातलं टेबल, शुक्रवार, सात तारीख